मराठी-तेलुगू पोरांसाठी ऑनलाइन पुस्तकं, बरेच महिने वापरून झाल्यावर

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी पहिली ते चौथीचा क्लास घेते. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, मराठी काय ती शाळेत कानावर पडते तेवढीच, मग धड्याशिवाय वाचायला द्यायचं काय, म्हणून जूनपासून ऑनलाइन लायब्रऱ्या धुंडाळतेय. आता दिवाळी पण झाली, म्हटलं लिहून टाकू.

सगळ्यात जास्त वापरलं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून चालू आहे आणि पूर्ण फुकट. तिथं शब्द टाइप करत बसू नका, आधी भाषा आणि लेव्हल लावा मग विषय बघा. लेव्हल चार आहेत, १ म्हणजे पानावर एखाददुसरं वाक्य, ४ म्हणजे सरसर वाचणाऱ्यांसाठी. इयत्तेवर जाऊ नका ओ, माझ्याकडं चौथीतली एक लेव्हल २ ला अडखळते आणि दुसरीतला एक ३ खुशाल वाचतो.

पण खरा फायदा वेगळाच निघाला. बऱ्याच गोष्टी मराठीत पण आहेत आणि तेलुगूत पण, चित्रं तीच. मी दोन्ही पीडीएफ काढून देते. एकाची आजी तेलुगू मीडियमला शिकलेली, विड्या वळते, मांडीवरचं सूप बाजूला ठेवून ती तिचं पान वाचते आणि नातवाला म्हणते आता तुझ्यात काय लिवलंय सांग, मग हा मराठीतलं वाचून दाखवतो. क्लासमध्ये तोंड न उघडणारा पोरगा आहे हा!!

लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, म्हणजे छापा, वाटा, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावाचं पान काढू नका. झेरॉक्स काळी-पांढरी करणार असाल तर रात्रीची, गडद चित्रांची पुस्तकं टाळा, नुसता काळा ठोकळा येतो.

शिकवायच्या साहित्याला ई-बालभारतीची पीडीएफ आणि पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर, एवढं पुरतं. (क्यूआर कोडची पुस्तकं म्हटलं की आपले परितेवाडीचे डिसले गुरुजी, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, अभिमान वाटणारच की.) आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी मोठी आहे, पण मला ती मोठ्या वर्गांना जास्त कामाची वाटली.

गावातल्या एका वाचनालयात पण जाते. तिथल्या कम्प्युटरवर बालविभाग असा वेगळा शोधताच येत नाही, लेखकाचं नाव माहीत पाहिजे आणि तेही ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी घातलंय तसंच. सरळ काउंटरवरच्या काकांना विचारा, मोठ्या टायपातलं, चित्रांचं द्या म्हणून, ते कपाटातून गठ्ठाच काढून देतात.

आता कन्नड बोलणारी दोन भावंडं आलीत क्लासला. स्टोरीवीव्हरवर कन्नड आहे, पण मला ती लिपी वाचता येत नाही, त्यामुळं निवडायची पंचाईत. अक्कलकोटकडचं कोणी असेल तर लेव्हल १ ची चांगली नावं सांगा.