सीएमए की पर्यटनातलं एमबीए?

बी.कॉम. झालेल्या मुलांना उद्यानं, पर्यटन किंवा क्रीडासंस्थांचा पैसा सांभाळायचं काम खुणावतं, तेव्हा दोन वाटा समोर येतात. एक सीएमएची, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट होण्याच्या परीक्षांची. दुसरी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेच्या (आयआयटीटीएम) दोन वर्षांच्या एमबीएची. ही संस्था ग्वाल्हेरची. भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोरला तिची केंद्रं आहेत आणि गोव्यातलं केंद्र जलक्रीडेचं आहे.

माझा कौल आधीच सांगते: हिशेब हेच तुमचं मुख्य काम असणार असेल, तर सीएमए.

ताडोब्याजवळचं एखादं रिसॉर्ट घ्या. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. पर्यटक ओसरतात, पण पगार आणि कर्जाचा हप्ता थांबत नाहीत. उरलेल्या नऊ महिन्यांत किती खोल्या भरल्या तर वर्षाचा खर्च निघेल, हे काढायला स्थिर आणि बदलता खर्च वेगळा करता यावा लागतो. दिवाळीच्या मुक्कामासाठी ऑगस्टमध्ये आलेले आगाऊ पैसे हे उत्पन्न नव्हे, देणं आहे. ही नजर सीएमएच्या अभ्यासात पक्की होते. पदवीधराला थेट इंटरमीजिएटला, म्हणजे मधल्या टप्प्याला बसता येतं, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात आणि घरी राहूनही तयारी होते. मात्र अर्धवट सुटलेल्या सीएमएला बाजारात फारशी किंमत नाही, हे मनाशी धरूनच उतरावं.

एमबीएत वित्त हा अनेक विषयांपैकी एक. सहलींची आखणी, विपणन, विमानप्रवास, पर्यटनस्थळांचा विकास हे सगळं सोबत येतं. पुढे रिसॉर्ट चालवायचं असेल किंवा सहल कंपनीत जायचं असेल, तर हीच वाट बरी. तिथली ओळखपाळख पुस्तकातून मिळत नाही.

पण दोन्हीकडे जे अपुरं शिकवलं जातं, त्याची मला खरी काळजी वाटते: पैशाचा मालक कोण? एका तालुक्याच्या क्रीडा मंडळाचे हिशेब मी काही वर्षं लिहिले. तिथे आजीव सभासदांची वर्गणी दरसाल उत्पन्नात धरून खर्च होत होती. तो पैसा ताळेबंदात निधी म्हणून राहायला हवा होता. पुढे मैदानाच्या दुरुस्तीला गंगाजळीच उरली नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर 1950चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो आणि जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पांचं आणखी निराळं: 2006च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद आली, त्यामुळे प्रवेश शुल्काचा पैसा संवर्धनासाठी तिथेच वापरता येतो. महापालिकेचा जलतरण तलाव बांधणं भांडवली खर्च, पण क्लोरीन आणि जीवरक्षकांचे पगार दरवर्षीच्या महसुली खर्चात. उद्घाटनाच्या वेळी पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्याची तरतूद विसरली जाते आणि तलाव कोरडा पडतो.

सर्वसाधारण फायनान्स एमबीएचा विचार इथे करू नका. बँक किंवा मोठी कंपनी हेच ध्येय असेल तरच ते ठीक.

फी भरण्याआधी अभ्यासक्रमातला वित्ताचा पेपर मागून घ्या. त्यात न्यास आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे हिशेब नसतील, तर सुट्टीत एखाद्या जिमखान्याच्या लेखापरीक्षकाकडे बसा. आधी जमा-खर्च पत्रक, मग उत्पन्न-खर्च पत्रक आणि शेवटी ताळेबंद, या क्रमाने तीन वर्षांचे कागद वाचा.