लकव्यानंतरचा व्यायाम घरी टिकवायचा, तर कोणतं यंत्र घ्यावं?

मेडिकलमधून (नागपूरच्या सरकारी रुग्णालयातून) सुट्टी झाल्यावर पहिला महिना व्यायाम जोरात होतो. मग पेशंट कंटाळतो आणि घरचे यंत्र शोधू लागतात. घेण्याआधी एवढंच तपासा: लकव्याच्या बाजूने जोर लावला तरच यावरचा आकडा वाढतो का?

पेडल मशीन नेमकं इथे फसवतं. चांगला पाय दुसऱ्याला ओढत नेतो आणि काउंटर फेरे मोजत राहतो. पेशंट खूश, लकव्याचा पाय मात्र निवांत. म्हणून पेडलचा ताण सर्वात कमी ठेवा आणि त्या मांडीवर हात ठेवून स्नायू आवळतोय का ते पाहा. गुळगुळीत फरशीवर मशीन सरकतं. खाली रबरी मॅट घाला, खुर्ची भिंतीला टेकवा. बसून करायचं असल्याने नागपूरच्या मे महिन्यातही खंड पडत नाही, ही मोठीच जमेची बाजू.

चालू लागलेल्यांसाठी पावलं मोजणारा बँड बरा. पण वॉकर धरला की हात हलत नाही, आणि मनगटावरचा बँड पावलं गाळतो. (पेशंट तेव्हाच चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.) तो चांगल्या पायाच्या घोट्याला बांधा, ५० पावलं तोंडी मोजून ताडून घ्या. १०,००० पावलांचं लक्ष्य काढून टाका. तो आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून आलाय. आठवडाभराची सरासरी ४०० असेल तर पुढचं लक्ष्य ४४०. उन्हाळ्यात फेऱ्या सकाळी सातच्या आत उरका.

टीव्हीसमोर हात हलवून खेळायचा कायनेक्ट (एक्सबॉक्स गेमसोबतचा, हालचाल टिपणारा कॅमेरा) आता जुन्या बाजारातच मिळतो. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. समोर दोनेक मीटर मोकळी जागा लागते. शिवाय आधाराला उभा असलेला माणूसही कॅमेऱ्यात येतो आणि सेन्सर गोंधळतो. खेळांचा वेग धडधाकट माणसांचा, त्यामुळे पेशंट हरतच राहतो. तोल पक्का नसेल तर नकोच.

तोंडी हुकूम ऐकून बोलणारा स्मार्ट स्पीकर? कूलर सुरू असताना त्याला ऐकू येईल याची खात्री नाही.

आमचा कौल असा: उभं राहता येत नसेल तर पेडल मशीन, वॉकरवर चालत असेल तर बँड, आणि दोन्हींसोबत घरातला फोन. दर १५ दिवसांनी त्याच खुर्चीवरून उठण्याचा व्हिडिओ बाजूने, कमरेच्या उंचीवरून, दोन मीटरवरून काढा आणि आधीच्या व्हिडिओशेजारी लावून पेशंटला दाखवा. तोच फिजिओला पाठवा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठा.