आठ महिने तीन रंगांची हेडटॉर्च: लाल, हिरवा की पांढरा?

ही टॉर्च मी ऑक्टोबरमध्ये घेतली ती कर्जत मार्गावरच्या वांगणीला जाऊन अंधारात तारे बघण्यासाठी. ठाण्यात आमच्या गच्चीवरून गुरू, व्याध असले ठळक तेवढेच दिसतात. म्हणून अमावस्येजवळच्या शनिवारी कर्जत लोकल धरायची, हा आम्हा चौघांचा नेम.

अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो. दृष्टिपटलातल्या दंडपेशी अंधुक उजेडात बघायचं काम करतात; त्यांच्यातलं प्रकाश टिपणारं द्रव्य, ऱ्होडोप्सिन, तेवढ्या वेळात हळूहळू साठतं आणि पांढरा झोत डोळ्यात गेला की सगळी मेहनत वाया. या पेशींना सर्वांत चांगला जाणवतो तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश. ६४० च्या पुढचा लाल त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून लाल, एवढं वाचून माहीत होतं.

वापरल्यावर कळलं, की लालही मंदच हवा. पहिल्या रात्री पूर्ण लालमध्ये आकाशाचा नकाशा बघितला आणि मान वर केली, तर देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका गायब! मग दिव्यावर औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी दोन पदरी लावली. आता नकाशा हातभर अंतरावरून जेमतेम वाचता येतो, आणि देवयानीचा धूसर पुंजका नजर किंचित बाजूला ठेवली की लगेच सापडतो. नजरेच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच, म्हणून ही तिरकी नजर.

माझ्या नकाशात दीर्घिका लाल शाईने छापल्यात. लाल उजेडात त्या कागदावरून पुसल्यासारख्या होतात, हिरव्यात मात्र काळ्या ठळक दिसतात. हिरव्याचा मला झालेला उपयोग एवढाच, तोही क्षणभर. डोळ्यांचा सराव तो लालपेक्षा लवकर मोडतो.

बांधावरून चालताना मात्र पांढराच, पायाशी रोखून. लालमध्ये माती, वाळकं पान आणि फुरसं सगळं एकाच रंगाचं दिसतं. तिथे डोळ्यांचा सराव गेला तरी चालेल.

खरी तक्रार बटणाची आहे. दर वेळी आधी पांढरा लागतो, मग लाल. जानेवारीत माझ्या एका दाबण्याने चौघांचाही अर्धा तास गेला, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पेटवताना दिवा मुठीत झाकते. पुढची टॉर्च घेताना दुकानातच बटण दाबून बघणार. लाल थेट लागला नाही, तर तिथेच परत ठेवणार.