चकली तळावी की पणती रंगवावी?

नोकरी सांभाळून या दिवाळीत एकच गोष्ट स्वतःच्या हाताने करायची, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हा आढावा. पहिल्याच वर्षी दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका. भाजणीचं पीठ आणि पांढरा प्रायमर एका ओट्यावर नांदत नाहीत, आणि ठाण्यातल्या बहुतेक घरांत ओटा एकच असतो.

फराळातून चकली निवडली आहे, कारण हाताची परीक्षा तिथेच होते. पणत्या म्हणजे जांभळी नाक्यावर मिळतात तशा साध्या, भाजलेल्या मातीच्या, दोन-अडीच इंची. साच्यातल्या कमळाच्या पणत्या दिसायला छान असतात, पण पाकळ्यांच्या खाचांत ब्रश शिरत नाही. त्या पहिल्या खेपेला नकोत.

वेळेचा हिशेब वरवर सारखाच निघतो. अर्धा किलो भाजणीच्या चकल्यांना उकड काढण्यापासून डबा भरेपर्यंत अडीच-तीन तास लागतात, दोन डझन पणत्यांना सगळे मिळून चारेक तास. फरक इतकाच की चकलीचे तास सलग लागतात आणि पणतीचे तुकड्यातुकड्याने चालतात. आठ-सव्वाआठला लोकलमधून उतरणाऱ्याला हे मोठं वाटेल. मला तरी ते निर्णायक वाटत नाही. रविवार सगळ्यांनाच असतो.

चकलीचं खरं काम उकडीत आहे. चार वाट्या भाजणीला साडेतीन वाट्या पाणी, वाटीला एक मोठा चमचा या हिशेबाने चार चमचे तेल, मीठ, तिखट, हळद, ओवा आणि दोन चमचे पांढरे तीळ. पाणी खळखळलं की गॅस बंद करून भाजणी ओतायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग पाण्याचा हात लावत मळायचं. एकदम सगळं मळू नये. सोऱ्यात मावेल तेवढाच गोळा घ्यावा, बाकीचा ओल्या फडक्याखाली. सोऱ्यातून पडताना चकलीची कड तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, चमचाभर पाणी लावून पुन्हा मळा. तेलात टाकल्यावर ती विरत असेल, वेटोळं सुटून कण तरंगत असतील, तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालंय. यावर उपाय म्हणजे मूठभर कोरडी भाजणी त्याच गोळ्यात मिसळणं. मात्र ती उकड नसल्यामुळे पुढच्या चकल्या थोड्या कडक होतात, हे धरून चाला.

आच हा दुसरा सापळा. चकल्या सोडताना तेल चांगलं तापलेलं हवं आणि सोडल्यावर लगेच मध्यम. आच मोठीच राहिली तर वरून रंग येतो, आत ओल राहते, आणि डब्यात दुसऱ्या दिवशी त्याच चकल्या मऊ पडतात. लोक दोष डब्याला देतात. रंग बघून चकली काढू नका, कान द्या: बुडबुडे विरळ होऊन आवाज बसला की झाली. एका घाण्याला सहा-सात मिनिटं, मध्यम कढईत चार-पाच चकल्या, असे आठ-दहा घाणे. तेवढा वेळ कढईसमोरून हलता येत नाही. दारावर कुरिअर येवो नाहीतर फोन वाजो.

इथपर्यंत सगळं शिकून घेता येतं. दोन वर्षांत हात बसतो, आणि कुरकुरीत चकलीचं सुख काही औरच आहे, हे मान्य. घरात भाजणीचा वास दरवळला की दिवाळी आली असं वाटतं, तेही खरं. माझं घोडं अडतं ते पुढे, गॅस बंद केल्यावर. कढईत उरलेल्या तेलाचं करायचं काय?

लिटरभर तेलात अर्धा किलो भाजणीच्या चकल्या तळल्या, तर माझ्या अंदाजाने सातशे मिलीच्या आसपास तेल मागे उरतं. ते काळपट असतं. तळाशी तीळ आणि भाजणीची जळकी पूड बसलेली असते, वर तिखटाचा तांबडा तवंग. गाळलं तरी पूड पूर्ण जात नाही, आणि तीच पूड पुढच्या वेळी आधी जळते. हॉटेल आणि फरसाणवाल्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून मर्यादा घातली आहे: तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे घटक, म्हणजे एकूण पोलर कंपाउंड, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, नाक असतं. पुन्हा तापवताना तेलाला जुनाट वास आला, बारीक फेस येऊन तो बसेना, किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर निघाला, की ते संपलं. चकलीचं तेल हळद-तिखटामुळे या टप्प्याला शंकरपाळीच्या तेलापेक्षा लवकर पोचतं, असा माझा अनुभव. म्हणून एकाच तेलात सगळं तळायचं असेल तर क्रम ठरलेला: आधी शंकरपाळी, मग करंजी, चकली शेवटी. करंजी फुटून सारण सांडलं तर मात्र तिथेच थांबून तेल गाळावं लागतं. साखर जळली की सगळ्याला कडवट वास.

बरं, उरलेलं तेल भाजीच्या फोडणीत संपवू म्हटलं तर दोन माणसांच्या घरात पाऊण लिटर तेल संपायला पंधरा दिवस सहज जातात, आणि तोवर प्रत्येक भाजीला चकलीचा वास. सिंकमध्ये ओतणं तर सोडाच. साबणाच्या पाण्याबरोबर तेल जातंय असं वाटतं, पण खाली गार झालं की ते पाइपच्या आतल्या बाजूला साका धरून बसतं. घोडबंदर रोडचा टॉवर असो नाहीतर नौपाड्यातली जुनी चार मजली, सगळ्या स्वयंपाकघरांची उभी लाइन एकच असते. वर ओतलेलं खालच्या मजल्यावरच्या सिंकमधून उलटं येतं, तेही ऐन भाऊबीजेला. वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात शोषून कचऱ्याच्या पिशवीत टाकणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर त्यात नको. तेलाने हवा कोंडते आणि खड्डा कुजका वास मारू लागतो. शिवाय ओट्यामागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्टच्या पात्यांवर जो चिकट थर बसतो, तो निघायला नवरात्रातल्या साफसफाईइतकाच दम लागतो. ती साफसफाई तर नुकतीच झालेली असते.

तळण टाळून बेसनाचे लाडू करता येतील की, असं कोणी म्हणेल. जरूर करावेत. मंद आचेवर अर्धा तास बेसन भाजायचा धीर हवा आणि पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच घालायची, नाहीतर साखर विरघळून लाडू बसतात. पण छंद म्हणून वर्षागणिक हात सुधारत नेण्याजोगं त्यात थोडंच आहे.

आता पणत्या. इथे शत्रू दमटपणा. मातीच्या भिंतीत ओल अडकलेली असताना वर रंगाचा थर दिला, की ती ओल बाहेर यायला बघते. रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, कधी मातीतले क्षार पांढऱ्या पुडीसारखे वर येतात. म्हणून पणत्या आणल्या की कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, फार मळक्या असतील तरच धुवायच्या, आणि धुतल्या तर निदान दोन दिवस वाळवायच्या. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायच्या तर वर जाळी हवी, कबुतरं रंगाची वाट बघत नाहीत. दिवाळी कधी आहे यावरही बरंच अवलंबून. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे रंगवायचे दिवस पावसाच्या शेपटाला लागून आले. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा वाळवायला अडचण येऊ नये.

मग पॉलिश पेपर, २२० नंबरचा, कडांवरून हलका फिरवायचा. पांढऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये चाळीस मिनिटं. एकच जाड हात दिला तर तो वाळताना भेगाळतो. त्यावर अॅक्रिलिक रंग. पंधरा मिलीच्या चार बाटल्या दोन डझनांना पुरून उरतात. पोस्टर कलर घेऊ नका, ओला हात लागला की तो निघतो. चपटा सहा नंबरचा ब्रश पायासाठी, शून्य नंबरचा रेषांसाठी. ठिपक्यांना ब्रश नकोच. काडीपेटीतल्या काडीचं मागचं टोक रंगात बुडवून टेकवलं की प्रत्येक ठिपका सारखा येतो, फक्त दर दोन ठिपक्यांना काडी पुन्हा बुडवायची. ब्रश पाण्याच्या पेल्यात केस खाली करून रात्रभर ठेवला तर तो कायमचा वाकतो. वॉर्निश घाईने देऊ नये: खालचा रंग एक दिवस वाळलेला नसेल आणि हवा दमट असेल, तर ते दुधाळ होतं आणि खालचा लाल रंग गुलाबी दिसू लागतो.

प्रायमरचीही कटकट नको असेल तर आपल्या जिल्ह्याने आयता मार्ग दिला आहे. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, त्याआधी वारली चित्रांचा बराचसा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. वारली चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढतात. पणतीची माती आधीच गेरूच्या रंगाची असते. सरळ मातीवर पांढऱ्या अॅक्रिलिकने त्रिकोणांची माणसं काढा, काठाशी तारपा नाचाचा फेर फिरवा, झालं. गोल पणतीवर फेर बसतोही छान. रेषा चुकली तर ओल्या फडक्याने लगेच पुसायची. मिनिटभर उशीर झाला की माती रंग पिते आणि पांढरा डाग राहतो.

दोष पणतीतही आहे, आणि तोही तेलाचाच. झिलई नसलेल्या मातीची पणती तेल पिते. आत घातलेलं तेल भिंतीतून पाझरत दुसऱ्या रात्रीपर्यंत बाहेर येतं आणि रंगाखाली काळसर ओघळ दिसतात. वापरण्याआधी पणत्या पाण्यात भिजवून ठेवायची जुनी रीत रंगवलेल्या पणतीला चालत नाही, रंग उचलला जातो. आतून रंग किंवा वॉर्निश फासणं तर धोक्याचं. वातीजवळ ते जळतं, धूर येतो. म्हणून आतली बाजू आणि चोच कोरीच ठेवा, आणि तेलाऐवजी वितळवलेलं मेण वातीसकट ओता किंवा पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती आत बसवा. नुसतं तेलच हवं असेल तर एक-दोन रात्रींची शोभा समजून वापरायचं.

तरी हा दोष आधीच माहीत असतो आणि आवरता येतो. कढईतलं पाऊण लिटर तेल तसं आवरता येत नाही. घरात माणसं भरपूर असतील, तळण वर्षभर चालत असेल, तर ते तेल आठवड्यात संपेल आणि मग चकलीच घ्या, माझं काही म्हणणं नाही. दोघा-तिघांच्या घराला, आणि हाताला रेषेची थोडी गोडी असेल तर, मी पणतीकडे बोट दाखवेन. चकल्या नौपाड्यात कुठेही चांगल्या मिळतात. हाताने काढलेल्या वारली पणत्या तशा मिळत नाहीत.

ज्यांनी तरीही चकली तळली आहे त्यांचा एक प्रश्न उरतोच: ते तेल पणतीत घालावं का? जळतं. पण पूड वातीच्या टोकाशी साचून काजळी धरते, ज्योत तडतडते आणि बाल्कनीत चकलीचा वास पसरतो. घालायचंच असेल तर मलमलच्या कापडातून दोनदा गाळून, तेही न रंगवलेल्या, चार तास पाण्यात भिजवून कोरड्या केलेल्या पणत्यांत. कापसाची वात थोडी जाड वळा, आणि देवापुढे न लावता कठड्यावर ठेवा.