कॅमेऱ्यात अडकलेला पिनचा तुकडा आणि माझे 6,800 रुपये, नागपूरच्या शूटिंगवाल्यांनी नक्की वाचा

लग्नाचं, कीर्तनाचं, यूट्यूबचं, कोणतंही शूटिंग करत असाल तर हे वाचाच, कारण माझ्यासोबत जे झालं ते कोणासोबतही होऊ शकतं आणि मला ते मनापासून टाळायचं आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. बर्डीवरचं आहे एवढंच सांगतो, पण फसवायची पद्धत कळली तर दुकान कोणतंही असो तुम्ही सावध राहाल.

सोमवारी बेसा रोडला एका घरी हळद होती. नवरीच्या आजीला कॉलर माईक लावून तिची हळदीची गाणी रेकॉर्ड केली, फार गोड आवाज होता म्हातारीचा. निघताना घाई झाली आणि वायरलेस माईकच्या रिसीव्हरची वायर कॅमेऱ्याला तशीच लावलेली ठेवून मी कॅमेरा बॅगेत टाकला. बाईकवर मानेवाड्यापर्यंत आलो, रस्ता कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, घरी बॅग उघडली तर वायर सुटी हातात आली आणि पिनचं टोकच नाही. ही 3.5 एमएमची पिन साधारण 14 मिलीमीटर लांब असते, तिचं टोकाचं बोंड आतल्या एका बारीक दांडीवर बसवलेलं असतं आणि स्वस्तातल्या वायरीची पिन तिथेच मोडते. टॉर्च मारून पाहिलं तर सॉकेटच्या तळाशी तो तुकडा चमकत होता.

रेकॉर्ड दाबून पाहिलं तर चित्र आलं, आवाज शून्य. स्क्रीनवरची लेव्हलची पट्टी जागची हलेना. कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक पण बंद! माझ्या तर छातीत धस्स झालं, 62,000 चा सेकंडहँड कॅमेरा आणि गुरुवारी लग्न, शुक्रवारी रिसेप्शन. आता कळलं की यात बिघाड काहीच नसतो. सॉकेटच्या आत पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, पिन आत गेली की पट्टी सरकते, कॅमेरा समजतो बाहेरचा माईक लागला आणि आतला माईक बंद करतो. तुकडा आत असेल तोवर तो असंच समजत राहणार, तुकडा निघाला की आवाज परत. हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मंगळवारी दुपारी दुकानात गेलो. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावून पाहिलं, मग काही न बोलता कॅमेरा खाली ठेवला आणि डोकं हलवलं. "भाऊ, तुकडा आत बोर्डाला टेकून राहिला, शॉर्ट झालं, ऑडिओ बोर्ड गेलं तुमचं." मी म्हटलं, दादा नुसता तुकडा काढून पाहता येत नाही का आधी. तर म्हणे, "काढाले गेलो अन् मेन बोर्ड उडालं तर मी जबाबदार नाही, तुम्ही लिहून द्या." आता असं म्हटल्यावर कोण लिहून देणार. बोर्ड मुंबईहून येईल, चार दिवस लागतील, 6,800 होतील. दोन हजार अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले आणि घरी आलो. पावती म्हणून कार्डाच्या मागे फक्त माझा मोबाईल नंबर लिहून दिला, कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर नाही, काय बिघडलं ते नाही, आणि मी पण मागितलं नाही.

गुरुवार-शुक्रवार भाड्याचा कॅमेरा आणला, 2,500 रुपये रोज. शनिवारी फोन आला, झालं म्हणे. बाकीचे 4,800 दिले, आवाज येत होता, मी खूश. जुना बोर्ड द्या म्हटलं तर उत्तर, "तो कंपनीले वापस जाते." बिल मागितलं तर, "जीएसटीचं पाहिजे तर 18 टक्के वरून लागतील." मी राहू द्या म्हटलं. तिथे मी चुकलो, बिल सोडायचं नव्हतं.

रविवारी जुनी फुटेज कॉम्प्युटरला घेत होतो. माझ्या कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय आहे, पहिलं कार्ड मी दुकानात देण्याआधी काढलं होतं पण दुसरं आतच राहिलं होतं, आणि पहिला स्लॉट रिकामा असला की रेकॉर्डिंग दुसऱ्यावर जाईल असं सेटिंग मी आधीच करून ठेवलं होतं. त्या कार्डावर शेवटी एक अकरा सेकंदांची क्लिप होती जी मी काढलेली नव्हती. उघडली. हिरवी रबरी मॅट, चिमटा, बाजूला निळ्या रिफिलची कापलेली नळी आणि नळीच्या टोकाला चिकटलेलं ते सोनेरी बोंड, अगदी स्वच्छ फोकसमध्ये. आणि आवाज, "हॅलो हॅलो, चेक… आला रे आवाज." मग एका पोराचा आवाज, "दादा, लावू का फोन त्यायले?" आणि दुकानदार म्हणतो, "काहून? शनिवारी लाव."

क्लिपची वेळ मंगळवार दुपारी 12:52. माझ्या अ‍ॅडव्हान्सचा बँकेचा मेसेज मंगळवार दुपारी 12:34 चा. अठरा मिनिटं! मुंबईचं बोर्ड नाही, शॉर्ट नाही, काही नाही, अठरा मिनिटांत तुकडा निघाला होता आणि कॅमेरा चार दिवस नुसता कपाटात ठेवला, आणि त्या चार दिवसांत मी भाड्याच्या कॅमेऱ्यावर पाच हजार घालवले.

इतवारीत माझा एक मित्र अ‍ॅम्प आणि मिक्सर दुरुस्त करतो, त्याला कॅमेरा दाखवला. त्याने खोलला पण नाही, खालचे स्क्रू भिंगातून बघितले आणि म्हणाला, यांच्यावर पाना लागलेलाच नाही, डोक्यावरचा काळा रंग जसाच्या तसा आहे, बोर्ड बदलायचं तर हे काढल्याशिवाय रस्ताच नाही. मग तुकडा कसा काढतात तेही त्याने समजावलं. आधी कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर, कार्डं बाहेर. चुंबकाने निघत नाही कारण पिन पितळेची असते. सुई, सेफ्टी पिन, टोचणी घालायचीच नाही, आतल्या पट्ट्या वाकल्या की मग खरंच सॉकेट बदलावं लागतं, आणि तुकडा आत ढकलायचा तर बिलकुलच नाही, काही सॉकेट मागून उघडे असतात, तुकडा मागे पडून बोर्डावर फिरत राहिला तर तेव्हा शॉर्टची खरी भीती. तुटलेल्या तोंडाशी जर आतली दांडी बाहेर दिसत असेल तर तिच्यावर घट्ट बसेल अशी रिकाम्या रिफिलची नळी सरळ दाबून हळूच ओढायची. सपाट तुटलं असेल तर काडीच्या टोकाला फेविक्विकचा अगदी ठिपका लावून, सुकू देऊन ओढतात, पण एक थेंब भिंतीला गेला तर तुकडा आणि सॉकेट दोन्ही कायमचे चिकटले, म्हणून हात सवयीचा नसेल तर हे घरी करू नका असं मीही सांगतो. काम बारीक आहे, त्याचे पैसे मागायचा हक्क आहे माणसाला. दुकानदाराने मला सरळ म्हटलं असतं की भाऊ तुकडा काढून देतो, हजार रुपये होतील, तर मी आनंदाने दिले असते. बोर्ड गेलं म्हणून खोटं का बोलायचं, आणि लग्नाचं काम अडलेल्या माणसाशी?

सोमवारी क्लिप फोनमध्ये घेऊन दुकानात गेलो, मूळ कार्ड घरी ठेवलं. दुकानदार आधी म्हणाला ती दुसऱ्या कॅमेऱ्याची आहे. मी म्हटलं, दादा, माझ्या कार्डावर, माझ्या कॅमेऱ्यात. मग आवाज चढला, मग गिऱ्हाईकं बघायला लागली तर बाजूला घेऊन म्हणे बसून बोलू. मी बसलो नाही. घरी येऊन 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नोंदवली, आणि एक साधं पत्र लिहून स्पीड पोस्टाने पाठवलं, त्यात तारखा, दोन्ही पेमेंट, क्लिपची वेळ आणि पंधरा दिवसांत पैसे परत करा नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जातो हे लिहिलं. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे खूप लोकांना माहीतच नसतं, खर्चाच्या भीतीने सोडून देतात. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि फोनवरचे मेसेज दाखवता येतात, म्हणून रोख देऊ नका.

पत्र पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला आणि 4,800 परत आले. दोन हजार मेहनतीचे म्हणून ठेवले, ते मी मान्य केलेलं नाही आणि तसं त्याला मेसेजवर लिहून कळवलं आहे. भाड्याच्या कॅमेऱ्याचे पाच हजार तर गेलेच. क्लिप डिलीट करा अशी विनंती करत होता, मी केली नाही, कार्ड वेगळं काढून ठेवलं आहे.

तुमच्यावर ही वेळ आलीच तर कॅमेरा देताना सिरीयल नंबर आणि "फक्त तुकडा काढणे, बाकी काही करण्याआधी विचारणे" असं कागदावर लिहून घ्या, शक्य असेल तर तुकडा समोरच काढायला सांगा, पार्ट बदलला म्हणाला तर जुना पार्ट हातात मागा. दोन्ही स्लॉटमधली कार्डं काढून घ्या, माझ्या त्या कार्डावर लोकांच्या घरच्या हळदीचं शूटिंग होतं, ते चार दिवस कोणाच्या तरी कपाटात होतं या विचाराने मला अजून कसंतरी होतं. आणि रिसीव्हर थेट कॅमेऱ्याला लावू नका, मध्ये वीतभर एक्स्टेंशन वायर टाका, कॅमेऱ्याकडे एल आकाराची पिन येईल अशी. मी 180 रुपयांत घेतली, आता कॅमेरा बॅगेत ठेवण्याआधी ती काढून वरच्या कप्प्यात ठेवतो.