कथील म्हणून शिसं विकलं: घरी सैनिक ओतणाऱ्यांनो, हे वाचा

माझे २३,५४० रुपये गेले. त्यातले ९,००० तर माझेही नव्हते, तीन मित्रांनी विश्वासाने माझ्याकडे दिलेले होते. बदल्यात घरी आलं दहा किलो शिसं, कथील म्हणून. पैसे गेल्याची चीड आहेच. पण ते शिसं दिवाळीत लहान पोरांच्या हातात जाणार होतं, आणि हे ज्या ज्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं तिथे कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहितोय. लाज वाटते, तरी लिहितोय.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं घर आहे. मागच्या पडवीत मी बरीच वर्षं धातूचे सैनिक ओततो. एपॉक्सी पुट्टीने मूळ आकृती घडवायची, सिलिकॉनचा दोन भागांचा साचा करायचा, आतून टाल्कम पावडर चोळायची आणि ओतायचं. २८ मिलिमीटरचे खलाशी, गोलंदाज, गोरे शिपाई आम्ही टेबलावर फासे टाकून खेळायला वापरतो. गेली काही वर्षं आमचा आवडता डाव म्हणजे १७५६ चा विजयदुर्ग, वॉटसनचं इंग्रजी आरमार आणि तुळाजी आंग्र्यांची गलबतं. याशिवाय दरवर्षी दिवाळीच्या किल्ल्यांसाठी जरा मोठे मावळे ओततो आणि मित्रांच्या मुलांना देतो. विकत नाही, धातूचा खर्च तेवढा वाटून घेतो. म्हणूनच पहिल्यापासून एक नियम पाळला: शिसं घरात आणायचं नाही. पूर्वी बरेच जण शिशाचेच सैनिक ओतायचे, ब्रिटन नावाच्या इंग्रज खेळणी कंपनीने १८९३ पासून पोकळ सैनिक काढले तेही शिशाच्या मिश्रधातूचेच. शिसं स्वस्त, जड आणि साच्यात छान भरतं. पण मुलांच्या मेंदूला शिसं किती वाईट ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही. मूल मावळा तोंडात घालणारच. म्हणून कथील. त्यात कडकपणासाठी थोडं अँटिमनी.

कथील महाग. आमच्याकडे ते कल्हईवाल्याकडून थोडं थोडं मिळतं, नाहीतर बिनशिशाची सोल्डर तार आणायची. त्या सुमारास अडीच-तीन हजारांच्या खाली किलो मिळत नव्हतं. अशात आमच्या छंदाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं: भिवंडीकडचा कारखाना बंद केला, शिल्लक शुद्ध कथील, एक किलोच्या विटा, १,९५० रुपये. चांगलं मराठी बोलायचा. माझं आजोळ तुमच्याच बाजूला, गणपतीला येतो म्हणाला. साच्यांबद्दल नेमके प्रश्न विचारायचा, हवा जायच्या वाटा कुठून काढता, साचा किती गरम करता. इतकं कळणारा माणूस ठक असेल असं कोणाच्याही मनात आलं नसतं.

आणि मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत, हे आधीच सांगतो, कारण सगळे तेच म्हणतात. मी फोटो मागितला, बिल मागितलं, व्हिडिओ मागितला. व्हिडिओत त्याने धातूची पट्टी कानाशी धरून वाकवली तेव्हा कर्रकर्र असा आवाज स्पष्ट ऐकू आला. शुद्ध कथील वाकवलं की असा आवाज येतोच, ही ओळखीची खूण आहे. ती पट्टी खरी होती. मला आलेला माल तो नव्हता, एवढंच. व्हिडिओवर कधीच विश्वास ठेवू नका.

आता त्या फोटोबद्दल. तो अजून फोनमध्ये आहे आणि तो बघितला की माझं डोकं फिरतं. मीच सांगितलं होतं की वीट काट्यावर ठेवून, शेजारी मोजपट्टी लावून फोटो काढ. त्याने लगेच काढला. काट्यावर १००० ग्रॅम. विटेला लागून स्टीलची मोजपट्टी, लांबी साडेबारा सेंटीमीटर, रुंदी साडेतीन. शेजारी दुसरी वीट कडेवर उभी, तिची जाडी दोन. गुणाकार करा. ८७.५ घन सेंटीमीटर. हजाराला त्याने भागा. उत्तर येतं ११.४ च्या आसपास. कथिलाची घनता ७.३, शिशाची ११.३. त्या मापाची कथिलाची वीट साधारण ६४० ग्रॅम भरेल. किलोभर कथिलाची वीट याच्या दीडपट मोठी असायला हवी. म्हणजे त्या माणसाने पैसे घेण्याच्या आधीच मला फोटोतून सांगितलं होतं की हे शिसं आहे. सातवीतल्या मुलाला जमेल इतका हिशेब. पण मला सांगा, स्वच्छ चकचकीत वीट, काट्यावर बरोबर किलो, असा फोटो समोर असताना कोण घनता काढत बसतो? वजन बरोबर आहे ना, एवढंच माणूस बघतो. त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्याने मोजपट्टी लावायला जराही कां कूं केलं नाही. आता माप आणि वजन दोन्ही मागा, आणि भागाकार तिथल्या तिथे करा.

दहा विटांचे १९,५००. कुरियरचे १,२४०. मग माल निघायच्या दिवशी वाहतूक विमा म्हणून २,८००, पोचल्यावर परत मिळणार. हे २,८०० ऐकून जाणकार हसतील. पण तोपर्यंत अर्धे पैसे गेलेले असतात आणि मित्र रोज विचारत असतात की कथील आलं का. यूपीआयवर नाव आलं ते फर्मचं नव्हतं, कोणा वेगळ्याच माणसाचं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे. फर्मच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच फोन ठेवा. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २४ होते, ते गुजरातचे. महाराष्ट्राचे २७. पत्ता भिवंडी आणि क्रमांक गुजरातचा.

खोका आला. विटा उचलल्या तेव्हा जड लागल्या, पण काट्यावर बरोबर किलोच. कढईत पहिली वीट टाकली. कथील २३२ अंशांना वितळतं. माझ्या थर्मामीटरवर २५० झाले, २८० झाले, वीट ढिम्म. मला वाटलं सेन्सर गेला. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने तारा गंजतात, हे नेहमीचंच आहे. गॅस वाढवला. ३२७ च्या पुढे गेल्यावर खालून पाझरायला लागली आणि मग सगळी बसली. वरची राखाडी मळी मी पळीने काढून पडवीच्या कडेला टाकली. त्या पडवीत माझ्या भावाची दोन वर्षांची मुलगी दिवसभर रांगत-चालत असते.

साच्यात ओतलं तर करपल्याचा वास आला. तांडेलाचा साचा, पागोट्याच्या घड्या कोरायला मला सर्वांत जास्त वेळ लागलेला, आतून तडकला. कथील ३०० च्या आत ओतता येतं, ते सिलिकॉन सोसतं. हे जवळपास ४०० ला गेलं होतं. त्या साच्याचं सिलिकॉन १,१५० रुपयांचं. बाहेर आलेल्या खलाशाचा भाला बोटाने दाबला तर वाकला आणि तसाच राहिला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्याचा पाया घासला. पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली.

तरी खात्री करायला बाजारातल्या कल्हईवाल्या चाचांकडे एक वीट आणि तिची कापून काढलेली पट्टी घेऊन गेलो. त्यांनी वीट नुसती हातात झेलली आणि खाली ठेवली. मग पट्टी कानाशी नेऊन वाकवली, माझ्याही कानाशी धरली. काहीच आवाज नाही. म्हणाले, "भाऊ, हे शिसं आहे. याने भांड्याला कल्हई केली तर घरचे आजारी पडतील. कोणी दिलं तुम्हाला?" मळी गोळा केली, पडवी ओल्या फडक्याने पुसून पुसून घेतली, भावाच्या मुलीचं रक्त तपासायला पाठवलं, त्याचे १,४०० रुपये. अहवाल चांगला आला. पण तो येईपर्यंत वहिनीच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

त्या माणसाला फोन केला. नंबर बंद करून पळेल असं वाटलं होतं, पण त्याने शांतपणे उचलला. म्हणाला, "काका, बिल बघा ना. एचएसएन काय लिहिलाय?" एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी वस्तूला दिलेला आकडा. बिलावर वस्तूच्या जागी इंग्रजीत फक्त धातूच्या विटा आणि समोर ७८०१. अनघड कथिलाचा आकडा ८००१. ७८०१ शिशाचा. "मी शिसंच विकलंय, तुम्ही शिसंच घेतलंत," म्हणाला आणि फोन ठेवला. दोनशेच्या आसपास किलोने मिळणारी वस्तू याने १,९५० ने विकली आणि वर कायदा शिकवला. बिलावर मालाचं नाव शब्दांत लिहून घ्या, शुद्धतेसकट. नुसता आकडा असेल तर तो शोधून बघा.

मग सरकारी फेरा. आधी बँक. तिथलं उत्तर, तुम्ही स्वतः पिन टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीने झाला. लेखी द्या म्हटलं तर लेखी देणार नाहीत. मग तालुक्याचं पोलीस ठाणं. तिथे वीट टेबलावर ठेवली. हवालदाराने ती पेपरवेट ठेवावी तशी कागदांवर ठेवली आणि विचारलं, "माल आला ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा." मी सांगितलं, मागितली एक धातू, दिली दुसरी, हे जाणूनबुजून केलंय, चॅटमध्ये बारा ठिकाणी कथील लिहिलंय. तर बिल दाखवा. बिल दाखवलं. "बिलावर जे आहे तेच आलंय." म्हणजे ठकाचंच वाक्य, गणवेशातल्या माणसाच्या तोंडून. शिसं विषारी आहे, मुलांच्या खेळण्यात जाणार होतं, हे सांगितलं तेव्हा साहेब आत होते ते बाहेर आले आणि म्हणाले, "काका, सैनिक खेळायचं वय आहे का हे?" चार माणसं हसली. मी त्या ठाण्यात माझी फसवणूक सांगायला गेलो होतो, माझा छंद तपासायला नाही. उद्या कोणी दागिन्यात पितळ घातलं तर त्या बाईला विचारणार का, दागिने घालायचं वय आहे का म्हणून?

तिथून सायबरला पाठवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे दिवस गेला. तिथे म्हणे, ऑनलाइन पैसे काढून घेतले असते तर आमचं, हे तर खरेदीचं, तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो तर धातू तपासून आणा. कुठे तपासू? मुंबईला. अहवालाचा खर्च कोणी करायचा? तुम्ही. चोराने चोरी करायची आणि चोरी झाल्याचा दाखला ज्याच्या घरी झाली त्याने पैसे मोजून आणायचा. माझा अर्ज घेतला, पण शिक्का मारून प्रत द्यायला तयार नाहीत. प्रतीसाठी भांडलो तेव्हा मिळाली. आपल्या कोकणातला माणूस फार बोलत नाही, दोन वेळा हेलपाटा घातला की गप्प बसतो, हे या सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच त्या ठकाला गणपतीचं आजोळ सुचलं आणि म्हणूनच यांना दिवाणी प्रकरण सुचतं.

नंतर एका वकील मित्राने सांगितलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा, तासाभरात केला तर पैसे पुढच्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली येते, माल हातात आला म्हणून ती संपत नाही, मागितलेली वस्तू सोडून दुसरी खपवली तरी ती फसवणूकच. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच तर लेखी अर्ज टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तशी सोय आहे. मी पाठवलाय, नोंदणीकृत टपालाने. ग्राहक आयोगातही जातोय. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

मित्रांचे ९,००० मी माझ्या खिशातून परत केले. एकाने घ्यायला नकार दिला, तरी दिले. यंदा किल्ल्यावर बाजारातले मातीचेच मावळे जातील.

कोणाकडे अशा विटा आल्या असतील तर कृपा करून वितळवू नका, भंगारात देऊन दोन हजार सोडवायच्या मागेही लागू नका, तो पुरावा आहे. माझ्या विटांवर एका टोकाला गोल खड्डा आणि खाली इंग्रजीत ९९.९ असा ठसा आहे. तसाच असेल तर वजन-माप आणि खोक्यावरच्या कुरियरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, आणि आपापल्या ठाण्यात अर्ज द्या, शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. अशा आणखी चार तक्रारी आल्या तर हे दिवाणी प्रकरण आहे असं म्हणायला त्यांची जीभ रेटणार नाही. तो माणूस त्याच नावाने अजून दोन ग्रुपमध्ये आहे, परवाच तिथे दर १,८५० झालेला पाहिला.