‘फक्त एक व्हॉइस गेलाय’ म्हणून विकलेला जुनो

रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हा जुना सिंथ (सिंथेसायझर) बिघडलेल्या अवस्थेत स्वस्तात मिळतोय म्हणून दुरुस्तीसाठी घेणार असाल, तर आधी हे वाचा.

१९८४ साली आलेल्या या सिंथमध्ये सहा व्हॉइस असतात, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजू शकतात, आणि प्रत्येक व्हॉइससाठी ८००१७ए नावाची एक चिप. चिपवरचा इपॉक्सीचा थर वर्षानुवर्षांनी वीज झिरपू देऊ लागतो. मग तो व्हॉइस मुका होतो, खरखरतो किंवा की सोडली तरी वाजतच राहतो. जुनोचं हे सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं. त्यामुळे ‘एकच व्हॉइस गेलाय, बाकी टकाटक, मशीन कधी उघडलेलंही नाही’ हे मी ज्याच्याकडून जुनो घेतला त्या विक्रेत्याचं म्हणणं पटण्याजोगंच होतं. सोबत व्हिडिओ: एक बोट, एक की, भरदार आवाज.

भरदार का, ते पुढे कळलं. व्हिडिओ थांबवून पाहिला तर पॉली १ आणि पॉली २, दोन्ही बटणांचे दिवे लागलेले. ही दोन्ही एकत्र दाबली की जुनो युनिसनमध्ये जातो, म्हणजे सहाही व्हॉइस एकाच कीवर वाजतात. त्यातले चार मेलेले असले तरी आवाज येतोच, आणि वर कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) लावला की कानाला काही उणं वाटत नाही. ज्याला ही युक्ती ठाऊक आहे त्याला टेस्ट मोड, म्हणजे सिंथमधलीच तपासणीची सोय, ठाऊक नसेल, हे मी मानत नाही. ‘की ट्रान्स्पोज’ हे बटण दाबून धरून पॉवर चालू करायची आणि एकेक की दाबत जायचं. डिस्प्लेवर वाजणाऱ्या व्हॉइसचा नंबर दिसतो. मिनिटभराचं काम. ते मागितल्यावर उत्तर आलं, ‘मला त्यातलं काही कळत नाही हो, घरात पडून होतं.’

पार्सल आलं, टेस्ट मोड लावला, दोनच व्हॉइस धड. मग चिपांचा सर्किट बोर्ड काढून उलटा केला. दोन चिपांचं सोल्डरिंग कारखान्यातलं, मंद राखाडी पडलेलं. बाकी चार चिपांचे पाय चकचकीत, भोवती फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात त्या रसायनाचा) तपकिरी चिकटा, आणि दोन ठिकाणी तांब्याचे पॅड, म्हणजे पाय जिथे जोडतात ते ठिपके, उचकटलेले. चांगल्या चिपा काढून घेऊन मेलेल्या बसवल्या होत्या. त्याच माणसाचा दुसरा जुनो तेव्हा ‘पूर्ण सर्व्हिस केलेला’ म्हणून विक्रीला होता. काय ते समजून घ्या. जाब विचारला तर म्हणतो, कुरिअरवाल्यांनी आपटला असेल. आपटून सोल्डरिंग नवं होत नाही, साहेब!

बिघडलेला सिंथ घेऊच नका असं मी म्हणणार नाही. चार व्हॉइस गेलेला जुनोही घेण्यासारखा असतो, फक्त भाव चार गेल्याचा हवा. नव्या बनावटीच्या पर्यायी चिपा मिळतात. जुन्या चिपांचा थर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून काढला की काही पुन्हा चालू होतात, पण त्या भरवशावर हिशोब मांडू नका. उचकटलेले पॅड ही वेगळीच कटकट, तिथे तारा ओढत बसावं लागतं. तेव्हा टेस्ट मोडचा सलग व्हिडिओ आणि बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो हातात आल्याशिवाय भावाचं बोलूच नका. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

पैसेही त्या विक्रेत्याने खरेदी-विक्रीच्या ॲपमधून न घेता थेट खात्यावर मागितले होते, ‘कमिशन वाचेल, तेवढं तुम्हाला कमी करतो’ म्हणून. तक्रार केल्यावर ॲपवाल्यांनी दोन ओळींत कळवलं: व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही, काही करता येणार नाही.